कोठीच्या दारावरची ओळ

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर तिच्यात रात्र, पाऊस आणि पैंजणं घातली असती.

रायपूर, तात्यापारा. गेल्या वर्षीचा मे महिना, दुपारचे अडीच. असल्या उन्हात भुतंसुद्धा बाहेर पडत नाहीत, असा भावनाचा समज होता.

बरोबरच होता. बाहेर कोणी पडलंच नाही.

भावना स्वयंपाकघरातलं सामान बांधत होती. पातेली एकात एक, मधे वर्तमानपत्र. कप जुन्या साडीत. टोस्टर आणि किटलीच्या वायरी गुंडाळून वर रबर. बावीस वर्षं ती इथं सासूच्या हाताखाली राबली होती. आता नवा फ्लॅट, नवा ओटा, आणि त्यावर स्वतःच्या मर्जीनं ठेवलेलं पहिलं भांडं. एवढंच तिला हवं होतं.

सासूबाई, मीराबाई, त्याच्या वर्षभर आधी वारल्या होत्या. त्यांचा एक नियम होता. कोठीच्या खोलीतल्या फळीवरची जागा रिकामी ठेवायची नाही. शेजारीण पातेलं मागायला आली, की त्या जागी तिची वाटी ठेवून घ्यायच्या. मग कोठीच्या दारावर, आतून, खडूनं तारीख टाकून लिहायच्या. 'पातेलं – शेजारी. बदल्यात – वाटी.'

वस्तू परत आली, की ओळ पुसायची.

"जागा रिकामी रायली का काहीबी येऊन बसते तिथं, सूनबाई," म्हणायच्या.

सगळा मोहल्ला हसायचा. वाट्या मात्र निमूट द्यायचा.

त्या सकाळी भावनानं कोठीतल्या फळीवरचा सासूबाईंचा जुना मिक्सर भैय्यालाल कबाडीवाल्याला देऊन टाकला.

"दीदी, बदले में कुछ तो ले लो."

"काही नको, भैया. घेऊन जा. सुटले मी."

दारावर लिहायचं तिच्या मनातही आलं नाही.

अडीच वाजता ती कोठीत शिरली. फळीवर पोळपाट तेवढा उरला होता. तिनं हात लावला...

मागं दार लागलं.

वारा नव्हता. वीज अकरापासून गेलेली, त्यामुळे पंख्यावरही आळ घेता येईना.

"अहो? काहून मस्करी करून राहिले?"

तिनं दार ढकललं. मग खांदा लावला. बाहेरून कडी.

मोबाईल ओट्यावर. नवरा, यशदीप, ट्रक आणायला गेलेला.

आणि मग...

घर्रर्र.

मिक्सर. अगदी कानाशी. चटणी वाटताना मधेच थांबतो, तसा थांबला. पुन्हा सुरू झाला.

झरोक्यातला उजेड दारावर पडला होता. तिथं खडूची ओळ होती. सकाळी नव्हती.

'मिक्सर – कबाडी. बदल्यात –'

पुढं कोरं.

भावना बघत राहिली. कोऱ्या जागेत एक अक्षर उमटलं...

'भा'.

तिनं मागं सरकायला पाय उचलला. पाय जमिनीवर नव्हताच. ती उभी नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन ती फळीवर बसली होती. मिक्सरच्या जागेवर. नेमकी मावली होती.

वरची फळी डोक्याला टेकली. मग दाबू लागली.

ओरडायला तोंड उघडलं. आवाज मिक्सरचा आला.

"दीदी! ओ दीदी!" बाहेर भैय्यालाल होता. "ये वापस रख लो भई. ठेले पे अपने आप चल रहा है. तार तो मैंने सुबह ही काट लिया था!"

ठक्. मिक्सर ओट्यावर टेकला.

दार उघडलं. भावना जमिनीवर कोसळली.

भैय्यालालनं आत डोकावलं. "अंदर कायको बैठी थी, दीदी? कुंडी तो खुली थी."

तिनं दाराकडं पाहिलं. मिक्सरची ओळ पुसलेली होती. तिला रडू फुटलं. सुटले एकदाची...

तेवढ्यात खाली नजर गेली. दाराच्या त्या भागावर वर्षभर पिशव्या टांगलेल्या असायच्या. त्या सकाळीच बांधून झाल्या होत्या. तिथं आणखी एक ओळ होती.

'मीराबाई – मसणात. बदल्यात – भावना.'

अक्षर मीराबाईंचं. तारीख त्या गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

चार वाजता ट्रक आला आणि रिकामा परत गेला.

"झालं काय तुले?" यशदीप हातातली फ्लॅटची चावी बघत म्हणाला. "वास्तू नाही पटली का?"

"बांधलेलं सामान सोडा," भावना म्हणाली.

संध्याकाळपर्यंत चमचासुद्धा जागेवर गेला. फ्लॅट अजून बंद आहे. ओट्यावरचं प्लास्टिकही कोणी काढलेलं नाही. भावना माहेरी जाते, पण मुक्काम करत नाही. दोन तास झाले की गुडघे आखडतात म्हणते.

ओल्या फडक्यानं ती ओळ जाते. वाळली की पुन्हा दिसते. यशदीप म्हणतो, रंग मारून टाकू. भावना मारू देत नाही. नियम तिला पाठ आहे. वस्तू परत आली, की ओळ पुसली जाते.

गेल्या सोमवारपासून ती ओळ आपोआप फिकट होत चालली आहे.