सटवाईच्या बारवेचं पान

“एकेका पायरीवर थांबायचं, मनूताई बोलणार, मी शूटिंग करणार. झाली फिल्म!” श्रेयाने बोटांची चौकट करून डोळ्यांसमोर धरली.

“आणि मी काय करणार?” हिमांशूने विचारलं.

“तू पाण्यात पडणार. लोकांना हसायला काहीतरी नको का?”

मनस्विनी खो खो हसत सुटली. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि ‘आपली हिवरटाकळी’ ही त्यांची वेबसाइट तीन वर्षांची होणार होती. वाढदिवसाला गावातल्या सटवाईच्या बारवेवर फिल्म करायचं ठरलं होतं.

हिवरटाकळी हे वाळूजच्या पलीकडचं छोटंसं गाव. कारखाने वाढत वाढत वेशीपाशी आले, तशी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि ज्वारीच्या रानात प्लॉटचे दगड उगवले. वाढलं नाही ते फक्त पाणी! सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दडी मारली होती. नळ आले तशी बारव पूजेपुरती उरली होती; आता टँकरचा भोंगा ऐकू आला की माणसं हंडे घेऊन जेवणाच्या ताटावरून उठत.

अशा या गावाची वेबसाइट उभी केली ती मनस्विनीच्या चुलतभावाने, श्रीरंगदादाने. शहरात डिप्लोमा करून आलेला दादा बसस्टँडजवळच्या पत्र्याच्या टपरीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानेच या तिघांना कॉम्प्युटर शिकवला आणि कामं वाटून दिली. गावाचा इतिहास मनस्विनीने लिहायचा. नगरपंचायतीच्या फलकावरच्या नोटिसांचे फोटो हिमांशूने टाकायचे. श्रेया सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला ‘नवे पाहुणे’ हे पान मिळालं. गावात जन्मलेल्या बाळांचे फोटो त्यावर असत. दादा त्या पानाला ‘श्रेयाचं बाळंतपण’ म्हणून चिडवायचा आणि कधी उघडूनही बघायचा नाही.

पहिल्याच दिवशी दादाने मनस्विनीला बजावलं होतं, “मने, इतिहास लिहिताना एकच नियम. जे घडलं तेच लिहायचं. आपल्याला आवडो, न आवडो!” मनस्विनीने तो नियम देवाच्या शपथेसारखा पाळला होता. दादा म्हणजे तिच्या लेखी शेवटचा शब्द.

तिघं बारवेपाशी पोचली आणि थबकलीच! बारवेभोवती माणसापेक्षा उंच निळे पत्रे ठोकले होते. आतून दगड पडल्याचा आवाज येत होता.

“ए पोरांनो, मागं व्हा!” खुर्चीत पेंगणारा राखणदार ओरडला. “गाळ काढायचं काम चालू हाय. तात्यासाहेबांची ऑर्डर हाय.”

तात्यासाहेब म्हणजे गावचे नगराध्यक्ष. दुष्काळात बारवेचा गाळ काढतात म्हणजे चांगलंच काम की! पण परतताना हिमांशू डोकं खाजवत म्हणाला, “गाळ काढतात तर ट्रॅक्टर आतून भरून बाहेर यायला हवा ना? हा तर भरलेला आत गेला आणि रिकामा बाहेर आला.”

“तुझी अक्कलही तशीच असते,” श्रेया म्हणाली खरी, पण तीही मागे वळून वळून बघत होती.

घरी आल्यावर मनस्विनीने फिल्मसाठी बारवेचं पान उघडलं. आपलंच लिखाण वाचता वाचता तिचे डोळे विस्फारले. “हे मी लिहिलंच नाही!”

तिने लिहिलं होतं, ‘बहात्तरच्या दुष्काळातही या बारवेने अख्ख्या गावाला पाणी पाजलं.’ आता तिथे होतं, ‘बहात्तरच्या दुष्काळात ही बारव बुजवण्यात आली. सध्या तिथे मोकळी जागा आहे.’ आणि बारवेचे सगळे फोटो गायब!

“मोकळी जागा?” हिमांशू पुटपुटला. “थांब थांब! हे शब्द मी कुठंतरी बघितलेत.” त्याने आपलं नोटिसांचं पान उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. गेल्या आठवड्यात त्यानेच टाकलेली नोटीस होती ती. सटवाईजवळच्या मोकळ्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचं आहे, कुणाची हरकत असेल तर सोमवारी अकरा वाजता सभागृहात सांगावी. आणि खाली लिहिलं होतं, ‘गावाच्या वेबसाइटवरील माहितीनुसार येथे विहीर अस्तित्वात नाही.’

“तूच टाकलीस आणि तूच वाचली नाहीस?” मनस्विनी कडाडली.

“मी फोटो काढतो गं! वाचायचं काम गावाचं!”

“गावाला वाटतं, तू वाचतोस!”

हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. गावाला पाणी पाजणारी बारव बुजवली जात होती आणि साक्षीला उभी केली होती त्यांचीच वेबसाइट! पासवर्ड चौघांनाच ठाऊक होता. तिने हिमांशूकडे पाहिलं, हिमांशूने तिच्याकडे. “माझ्यावर संशय घेतेस?” तो दुखावून म्हणाला. चौथं नाव कुणीच घेतलं नाही.

मनस्विनी तडक दादाच्या टपरीवर गेली. टेबलावर एक रंगीत चित्र होतं. काचांची दुमजली इमारत, खाली दुकानांची रांग, आणि कोपऱ्यातल्या दुकानावर पाटी, ‘श्रीरंग कॉम्प्युटर्स’.

“दादा, हे तुझं दुकान? किती भारी!”

त्याने घाईने चित्र उलटं केलं. “अगं, असंच काढलंय. तू उन्हातान्हाची कशी काय?”

तिने सगळं सांगितलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं, बाटलीतलं गार पाणी दिलं आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. “कुणीतरी हॅक केलं असणार, मने. मी बघतो संध्याकाळी. तू डोक्याला ताप करून घेऊ नको. आणि बाहेर बोलू नको हं, उगाच गावभर बोभाटा.”

तिचा जीव भांड्यात पडला. ती उड्या मारतच परत आली. “बघा! आपल्यातलं कुणी नव्हतंच! हॅक झालंय! दादा सगळं नीट करणार आहे!”

हिमांशू खाली मान घालून बसला होता. “मग पासवर्ड का चालत नाही गं? आत्ता बदललाय कुणीतरी. तू तिकडून निघालीस आणि लगेच.”

मनस्विनीने स्वतः टाकून पाहिला. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा! तिच्या डोळ्यांसमोर ती पाटी आली. बारवेच्या जागेवर उभी राहणारी दुकानं, आणि त्यातलं एक दादाचं. म्हणजे पाणी पाजून, टपली मारून दादाने तिला घालवून दिलं होतं आणि तिची पाठ वळताच दार लावून घेतलं होतं!

ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. बारवेसाठी रडत होती की दादासाठी, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. “कुणी परक्याने केलं असतं ना, तर मी भांडले असते रे,” ती म्हणाली. “आता कुणाशी भांडू?”

श्रेयाला रडणाऱ्या माणसाजवळ काय बोलावं ते कळत नसे. तिने मोबाइलवर आपलं पान उघडलं आणि ताईपुढे धरलं. “हे बाळ बघ ना, कसं जांभई देतंय. आवडाबाईंचा नातू.”

“श्रेया, आत्ता नको गं…” मनस्विनी म्हणाली आणि तिची नजर फोटोवरच खिळली. तिने मोबाइल हिसकावूनच घेतला. “अरे! हे बघा! बाळाच्या मागे बघा!”

बाळाच्या मागे बारव होती! पायऱ्या होत्या, देवळीतली शेंदूर माखलेली सटवाई होती आणि खाली चमकणारं हिरवंगार पाणी होतं. हिवरटाकळीत बाळ सव्वा महिन्याचं झालं की आई त्याला घेऊन बारवेवर जाते, सटवाईच्या पाया पडते, पाण्याला हळद-कुंकू वाहते. फोटो तिथेच काढला जातो. पानावरच्या झाडून सगळ्या फोटोंत बाळ होतं आणि बाळामागे बारव! शेवटचा फोटो तर गेल्याच महिन्यातला.

“दादाने सगळं पुसलं,” हिमांशू ओरडला, “आणि श्रेयाचं बाळंतपण विसरला!”

आवडाबाईंना हे कळलं तेव्हा त्या गहू निवडत होत्या. सूप त्यांनी बाजूला आपटलं. “माझ्या नातवाच्या नशिबाचं अक्षर जिनं लिवलं, तिलाच गाडाया निघाले व्हय? गाळ काढतो म्हणून आमाला फशिवलं! पोरांनो, तुमी बिनघोर ऱ्हावा. सोमवारी समद्या लेकुरवाळ्या घेऊन येती का नाय बघा!”

सोमवारी सभागृहात पंखे गरगरत होते. शहरातून आलेल्या अधिकारी पद्मजा मॅडम मध्ये बसल्या होत्या, शेजारी तात्यासाहेब मिशीवर ताव देत होते आणि कॉम्प्युटरशी श्रीरंगदादा होता. भिंतीवरच्या पडद्यावर बारवेचं पान दिसत होतं.

“बघा मॅडम, आमच्या लेकरांनीच लिहिलंय,” तात्यासाहेब म्हणाले. “विहीर बुजून जमाना झाला. लेकरं काय खोटं लिहितील का?”

“कुणाची हरकत आहे?” मॅडमनी विचारलं.

“माझी!” मनस्विनी उभी राहिली. “हे पान माझं आहे, पण हे शब्द माझे नाहीत. मॅडम, त्याच वेबसाइटवर ‘नवे पाहुणे’ म्हणून पान आहे. ते उघडायला सांगा ना.”

“अरे, पोरीला बाहेर घ्या कुणीतरी!” तात्यासाहेब गरजले.

“हरकत ऐकायलाच मी आले आहे,” मॅडम म्हणाल्या. “उघडा हो.”

श्रीरंगदादाचा हात माउसवर गोठला होता. त्याने मनस्विनीकडे पाहिलं. ‘नको ना, मने,’ असं म्हणणारी नजर होती ती. तिला वाटलं, आत्ता आपण रडणार. पण तिने मान वळवली नाही. शेवटी मॅडमनीच उठून पान उघडलं.

पडद्यावर बाळंच बाळं! आणि प्रत्येकामागे पाणी! सभागृहात कुजबुज वाढत गेली.

“जुने फोटो असतील!” तात्यासाहेबांनी घाम पुसला. “कुठली बाळं, कधीची बाळं, कुणाला ठाऊक?”

तेवढ्यात दाराशी ट्यांऽऽ असा सूर लागला. पाठोपाठ दुसरा, तिसरा! आवडाबाई नातवाला काखेत घेऊन आत घुसल्या आणि त्यांच्यामागे लेकुरवाळ्यांची रांगच्या रांग.

“कुठलं बाळ इचारता व्हय तात्या? हे घ्या!” नातू त्यांनी तात्यासाहेबांच्या पुढ्यातच धरला. “फोटूतलं कपाळ बघा आन हे कपाळ बघा! अजून दात बी नाय आले याला. बहात्तर साली जन्मलं वाटतं?”

सभागृह हास्याने दणाणलं. नातवाने तात्यासाहेबांची मिशी पकडली, ती काही केल्या सोडेना!

मॅडम मात्र हसल्या नाहीत. “चला, जागेवर जाऊ,” त्या म्हणाल्या. सारं गाव त्यांच्यामागे निघालं. निळे पत्रे उघडले तेव्हा एका बाजूच्या पायऱ्या दगडमातीखाली गेलेल्या दिसल्या, पण देवळीतली सटवाई तशीच होती आणि पाणीही होतं. टँकरची वाट बघणारं गाव ते पाणी बघत बराच वेळ काठावर उभं राहिलं.

मॅडमनी तिथल्या तिथे काम थांबवलं, टाकलेला भराव काढायला लावला आणि तात्यासाहेबांना चौकशीला बोलावलं. “आम्ही खुर्चीत बसून वेबसाइट वाचली आणि खरी मानली, ही आमचीही चूक,” त्या म्हणाल्या. “गावाचा कारभार कसा राखायचा, ते या मुलांनी शिकवलं. शाबास!” आवडाबाईंनी तिघांवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि श्रेयाची पापी घेतली. हिमांशूने शपथ घेतली की यापुढे नोटीस आधी वाचीन, मग फोटो काढीन.

दिवेलागणीला श्रीरंगदादा दारात आला. त्याने नवा पासवर्ड सांगितला आणि तिथेच घुटमळला. “टपरीत जन्म जाईल अशी भीती वाटली गं. दुकान देतो म्हणाले तात्यासाहेब.” मग हळूच म्हणाला, “मने, पान नीट कर. फक्त माझं नाव तेवढं घालू नकोस.”

“नियम तूच शिकवलास, दादा,” मनस्विनी म्हणाली.

तो पाठ फिरवून निघून गेला. मनस्विनीने डोळे पुसले आणि बारवेचं पान पूर्ववत केलं. शेवटी एक नवा परिच्छेद लिहिला. बारव कुणी बुजवायला घेतली, कुणी वाचवली आणि वेबसाइटवर खोटं कुणी लिहिलं, सगळं नावानिशी. ‘श्रीरंग’ ही तीन अक्षरं लिहायला तिला फार वेळ लागला.

हिमांशू शेजारी बसून बघत होता. त्याने वेबसाइटचं पहिलं पान उघडलं. तिथे अगदी वर होतं, ‘ही वेबसाइट श्रीरंगदादाने सुरू केली.’

“हे खोडून टाकू?” त्याने विचारलं.

“नको,” मनस्विनी म्हणाली. “तेही घडलंय.”