ड्राय रनमध्ये दिसलेला व्हिडिओ

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये.

घटना खरी आहे. हिंजवडीतलं एक ऑफिस, रविवारची भर दुपार. अख्ख्या मजल्यावर दोघंच होते. फैज आणि त्याच्या टीममधली स्वराली.

काम साधं होतं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या सर्व्हरला क्लाउडवरची जागा जोडायची. सगळं स्क्रिप्टच करणार, फैज फक्त बटण दाबायला.

स्वराली जुन्या डिस्क काढायला सर्व्हर रूमकडे निघाली.

"आधी ड्राय रन कर. मागच्या वेळी दिवे लावलेस तेवढे पुरे."

ड्राय रन म्हणजे प्रत्यक्षात काही करायचं नाही. काय काय होणार, तेवढं बघायचं.

फैजने केला.

जागा तयार होईल. सर्व्हर जोडला जाईल. आणि मग...

एक व्हिडिओ चढेल. सर्व्हर रूमचा. त्यावरची वेळ अजून व्हायची होती.

तो उघडायलाच नको होता. पण उघडला.

स्वराली जमिनीवर होती. कुणाच्या तरी मुठीत तिचे केस होते. डोकं लोखंडी रॅकवर आपटत होतं. पुन्हा. पुन्हा. दात फरशीवर पडले. मूठ कुणाची, ते दिसत नव्हतं.

व्हिडिओला आवाज नव्हता.

तरी किंकाळी ऐकू आली... सर्व्हर रूममधून.

फैज धावला. स्वराली पालथी पडली होती. काहीतरी तिला पाय धरून रॅकच्या मागे खेचत होतं. मागे भिंत आहे. तिथे माणूस मावत नाही.

"फैज, सोडू नकोस मला."

तिच्या हाताची नखं उलटली होती. रक्ताने हात निसटला. मग केस हाती लागले, तेच धरून त्याने जीव खाऊन ओढलं. पलीकडून हिसका बसला. डोकं रॅकवर आदळलं. त्याने सोडलं नाही. पुन्हा हिसका. पुन्हा.

मग ओढ थांबली.

स्वराली वाचली. जबडा तारांनी बांधलाय. फैजने मला वाचवलं, असं तिने पोलिसांना लिहून दिलं, म्हणून तो सुटला. पण फुटेजमध्ये...

फक्त फैज दिसतो.

ते त्याने इतक्यांदा पाहिलंय, की आता पलीकडची ओढ त्याला आठवत नाही. मुठीतले केस तेवढे आठवतात.

रोज संध्याकाळी तो बायकोला, अरिबाला, तिच्या माहेरी सोडून येतो.

"असं किती दिवस?" ती विचारते.

"माझी खात्री होईपर्यंत."

खात्री कशाची, हे ती विचारत नाही.