दरवाज्याचा लाल दिवा

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि माझ्याच घरातली आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका.

मी प्रफुल. अहेरीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. माझा एक नियम होता... करंट पोचला तर दिवा लागतो, नाही पोचला तर लागत नाही. मधलं काही नसतं.

गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, कोलूभाऊ त्याची व्हॅन घेऊन आला. वीस वर्षांची जुनी गाडी. भामरागड रोडवरच्या गावांतले पेशंट तो दवाखान्यात आणतो-नेतो.

"प्रफुलभाऊ, दरवाज्याचा लाल दिवा लागून राह्यला. दरवाजे तं सारे बंद आहेत."

दरवाजा उघडा राहिला की डॅशबोर्डवर लागतो तो दिवा. जुन्या गाडीला हा रोग असतोच. मागच्या सरकत्या दरवाज्याचं बटन गंजलं होतं. बदललं. वायर नवी जोडली. दिवा विझला. कोलूभाऊला चालवायला बसवून मी मोठ्या तोऱ्यात ट्रायलला निघालो.

जंगलात नाल्याचा फाटा आला...

दिवा लागला.

कोलूभाऊनं गाडी थांबवली. उतरला. मागचा दरवाजा सरकवला आणि रिकाम्या सीटकडे बघून हळूच म्हणाला, "थांब बाई. पाणी आहे अजून."

दरवाजा लावला.

दिवा विझला.

मला हसू आलं. "कोलूभाऊ, कोणासंग बोलून राह्यला तू?"

तेव्हा त्यानं सांगितलं. आठ दिवसांपूर्वी सीताबाई नावाच्या म्हातारीला तो गावी नेत होता. 'मले घरीच जायचं,' एवढंच ती म्हणत होती. वाटेत गाडीतच गेली. तिचं गाव फाट्यापासून आत, नाल्याच्या पलीकडे, आणि नाल्याला पूर. घरच्यांनी खाटेवर टाकून देह पलीकडे नेला.

आता कोलूभाऊची एक सवय आहे. माणूस जिवंत असो की मेलेला, त्याच्या दारात गाडी लागली की हा म्हणतो, "घर आलं बाई, उतरा." पुरुष असला तर 'भाऊ'. त्या दिवशी दारच आलं नाही, म्हणून तो काहीच म्हणाला नाही.

"मग आता म्हणून टाक ना."

"इथी तिचं घर कुठी आहे? मेलेल्या माणसासंग खोटं बोलू काय? पाणी उतरलं का दारापर्यंत नेतो, मंग सांगतो."

मला रागच आला. माझी बायको ज्योत्स्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, याच रोडवर, फाट्याच्या पुढे. दिवस भरत आले होते. कळा सुरू झाल्या की हीच गाडी तिला आणणार होती. आणि हा बाबा मध्येच थांबून मेलेल्या बाईची समजूत घालत बसणार?

परत आल्यावर मी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती केली. दिवा ऐकत नसेल तर बल्बच काढून टाकायचा. कोलूभाऊ चहाला गेला होता. दोन मिनिटांचं काम.

"झालं दुरुस्त," मी सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही ज्योत्स्नाला माहेराहून दवाखान्यात न्यायला निघालो. मी पुढे. मागे ती आडवी, डोकं सासूबाईंच्या मांडीवर.

फाटा आला.

दिवा लागला नाही.

"गेली वाटते बाई," कोलूभाऊ समाधानानं म्हणाला. गाडी थांबली नाही.

थोडं पुढे गेलो...

"अहो," ज्योत्स्ना कण्हत म्हणाली. "पायाशी बसल्या त्या बाईले जरा सरकाले सांगा ना. हात लय थंड आहेत त्यांचे."

मी मागे वळलो.

पायाशी कोणीच नव्हतं. सासूबाई तिथेच एकटक बघत होत्या.

मी फक्त "लवकर चल" म्हणालो. बल्बचं तेव्हाही सांगितलं नाही. लाज वाटली.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. पुन्हा पाऊस लागला, म्हणून माहेरी न नेता पाचव्या दिवशी त्यांना माझ्याच घरी आणलं. गाडी दारात लागली. कोलूभाऊ सवयीनं मागे वळून म्हणाला,

"घर आलं बाई, उतरा."

ज्योत्स्ना उतरली. बाळाला घेऊन सासूबाई उतरल्या. गाडीत मागे कोणी उरलं नाही. मी दरवाजा लावायला हात घातला...

पायरी दबली.

गाडी माझ्या बाजूला कलली. मग हळूच वर आली.

कोलूभाऊलाही ते जाणवलं. त्याची नजर डॅशबोर्डवर गेली.

"प्रफुलभाऊ... दरवाजा तं उघडा आहे. दिवा काऊन नाई लागला?"

मी सगळं सांगून टाकलं. तो वळून माझ्या घराच्या दाराकडे बघू लागला.

आज मुलगी आठ महिन्यांची आहे. रोज दुपारी तीनच्या सुमाराला ज्योत्स्नाचे पाय बर्फासारखे गार पडतात. मी चोळतो, शेकतो. उपयोग होत नाही.

मागच्या आठवड्यापासून मुलीचेही पडतात.

मला फार भीती वाटते. नाल्याचं पाणी केव्हाच उतरलं, सीताबाईच्या गावचा रस्ता मोकळा आहे. तीनदा मी कोलूभाऊला बोलावलं. तीनदा गाडी दारात लागली, मागचा दरवाजा उघडला. आणि तीनदा तो घराकडे बघत नुसता उभा राहिला.

"बोल ना काहीतरी," मी हात जोडले.

"काय बोलू, भाऊ? घर आलं म्हणून मीनंच तं तिले सांगतलं. आता तिच्याच घरातून तिले चल कसं म्हणू?"