मुहूर्तावर राहिलेला पासवर्ड

"परत पाण्याची पाळी पुढं गेली?" लंकाआजींच्या हातातला कागद समृद्धीने दोनदा वाचला. अवसरीच्या पाणीवाटप संस्थेत या उन्हाळ्यापासून कोणाच्या शेताला कधी पाणी, ते कॉम्प्युटर ठरवत होता. आजींची पाळी तिसऱ्यांदा हुकली होती आणि फुलावर आलेले टोमॅटो माना टाकत होते.

"पप्पांचा प्रोग्राम चुकत नसतो," मामेभाऊ आदेश फुशारकीने म्हणाला.

"मग कोणीतरी आत शिरतंय. पासवर्ड कोणाला माहितीये?"

आदेशने डोकं खाजवलं. "उद्घाटनाला मुहूर्त टळत होता. पप्पांनी चाचणीचाच पासवर्ड अध्यक्षांना एकेक अक्षर ओरडून सांगितला. भैरोबा. सगळा गाव पेढे खात उभा होता."

"नंतर बदलला असेल ना?"

तेच विचारायला दोघं संस्थेच्या ऑफिसात पळाली. भरतमामा खुर्चीत होता, अध्यक्ष हौशीरामआप्पा चहा पीत होते आणि दारात रखमाजी धरून चौघे शेतकरी पाळीच्या कागदासाठी ताटकळत होते. समृद्धीची शंका ऐकून मामा हसला. "लई शहाणी हायेस. दाखव की मग शिरून."

तिने भैरोबा टाइप केलं आणि यादी उघडली. ती उघडू नये, असंच तिला मनातून वाटत होतं. तिने एक नाव उचलून तळाला टाकलं.

"आप्पा, तुमची पाळी आता सगळ्यात शेवटी."

आप्पांचा चहा धोतरावर सांडला. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. "चाचणी झाली की त्यो काढायचा व्हता," तो पुटपुटला. "मुहूर्ताच्या घाईत राहूनच गेला."

"लंकाबाईची पाळी कुणी हलवली?" आप्पा गरजले.

रखमाजीने मान खाली घातली. "मी. मोबाइलवरनं भैरोबा टाकून. पण मी एकटाच न्हाई, आप्पा. मला वाटलं, समदेच बदलत्यात."

बाकीचे तिघे आपापल्या चपलांकडे बघू लागले. हीच माणसं रोज समृद्धीला हाक मारून आंबे द्यायची.

मामाने तिथल्या तिथे तो पासवर्ड काढून टाकला, यादी पूर्ववत लावली आणि कोणी यादीत हात घातला तर त्याचं नाव उमटेल अशी सोय केली. संध्याकाळी आजींच्या सऱ्यांतून पाणी खळखळत गेलं.

"पोरांनी गावाचे डोळे उघडले," आप्पा म्हणाले.

मामा बांधावरून खाली उतरला. मग समृद्धीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या बारीला नवा प्रोग्राम बसवला की आधी तू आत शिरून दाखवायचं. तुला जमलं न्हाई, तरच नारळ फोडायचा."