जिलेबीच्या दातांतले खळगे

हिरव्या शाईचं पेन, टोपणाला दोरा बांधलेला.

गुळाचा खडा तळहातावर ठेवायचा, बोटं एकदम सरळ. बोटं वाकली तर चावा बसतो.

टेम्पोत घडी करून ठेवलेला फ्लेक्स. त्याचा एकच कोपरा दिसतो. कोपऱ्यात एक कान.

एक खूर गार, एक खूर गरम.

सुट्टीच्या कार्डावर पुस्तकं तीनच. चौथं मागायचं नाही.

पहिलं पुस्तक

"मी चौथं मागून पाहू का?" अंजूने विचारलं.

"माग. आनंदाबाई तुलेच कपाटात ठेवन," योगेंद्र म्हणाला.

पवनीच्या वाचनालयात दुपारी ग्रंथपाल आनंदाबाईंच्या टेबलासमोर मुलं तिघंच होती. डिंपल तेरा वर्षांची, तिचा भाऊ योगेंद्र बाराचा, आणि आंधळगावहून दिवाळीच्या सुट्टीत आलेली त्यांची आतेबहीण अंजू, वय दहा. समोरच्या फळीवर जनावरांची सात पुस्तकं होती. त्यातली तीन निवडायची होती आणि निवडायला फार वेळ नव्हता. आज बुधवार होता. रविवारी जिलेबी जाणार होती.

जिलेबी ही डिंपलच्या बाबांची, बाबूलालची घोडी. लग्नाच्या वरातीत नवरदेव तिच्यावर बसायचे. दोन वर्षांपूर्वी विकत आणली तेव्हा तिचं वय कोणालाच नीट माहीत नव्हतं. पहिल्याच लग्नात तिने वाढप्याच्या परातीतल्या अर्ध्या जिलब्या फस्त केल्या आणि नाव मिळवलं. यंदा सप्टेंबरात तिला नवी नाल ठोकली. त्यासाठी श्यामरावकाकांनी ओळखीचा नालबंद आणला होता. त्यानंतर काही दिवसांतच ती पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागली.

श्यामरावकाका बाबांचे शाळेपासूनचे मित्र. ढोरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. गावात कोणाची गाय आजारी पडली तरी आधी काकांना बोलावणं जायचं, आणि ते हिरव्या शाईने चिठ्ठी लिहून द्यायचे. त्यांनी जिलेबीचा पाय पाहिला, मग सगळ्यांसमोर तिचा जबडा उघडून दाखवला. दातांवर काळे खळगे होते. दात किडलेत, घोडी वीस वर्षांची तरी असेल, पाय आता सुधारायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. जमलेल्यांनी माना डोलावल्या. त्या सगळ्यांनी जन्मभर बैलांचे दात पाहिले होते, आणि बैलाच्या दातावर असा खळगा कोणी पाहिला नव्हता. काकांचा भाचा धनीराम लाखांदूरला राहतो, त्याच्याकडे मोकळं कुरण आहे, म्हातारी तिथे सुखाने चरेल, असंही काका म्हणाले. बाबा रात्रभर जागे राहिले आणि सकाळी हो म्हणाले.

पण पुस्तकात पायावर काहीतरी उपाय असेल, असं डिंपलला वाटत होतं.

वाचनालयात श्यामरावकाका पेपर वाचत बसले होते. मुलांना पाहून ते उठून आले. "पोट्टेहो, घोड्याचं पुस्तक कायले पायजे? मी हाय ना," ते हसत म्हणाले आणि त्यांनी स्वतःच निवड केली. शर्यतीच्या घोड्यांचं एक, देशोदेशीच्या जातींचं रंगीत चित्रांचं एक, आणि घोड्यांच्या गोष्टींचं एक. योगेंद्रच्या हातात एक जाड निळं पुस्तक होतं, घोड्यांचे आजार आणि निगा. ते त्यांनी काढून घेतलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं. "हे जुनाट हाय. यातल्या औषधी आता कुठं भेटत बी नाई."

डिंपलला बरं वाटलं. काकांनी निवडलेली पुस्तकं म्हणजे चांगलीच असणार.

दुसरं पुस्तक

घरी पिशवी उघडली तर शर्यतीच्या घोड्यांचं पुस्तक गायब होतं. त्याच्या जागी निळं पुस्तक होतं.

"हे काहून बदललं तू?" डिंपल चिडली.

"त्याच्यात घोडे कमी आन मालकच जास्त होते," अंजू म्हणाली. "सारे टोपीवाले. आन काका नको म्हनले म्हणून मले हेच पायजे होतं."

योगेंद्र मात्र निळ्या पुस्तकात बुडाला होता. थोड्या वेळाने त्याने एक पान डिंपलपुढे धरलं. खालच्या जबड्याचं चित्र होतं, आणि शेजारी लिहिलं होतं की लहान वयात घोड्याच्या दातांवर काळे खळगे असतातच. साधारण सहाव्या वर्षी मधल्या दोन दातांचे भरून येतात, सातव्या वर्षी त्यांच्या शेजारचे, आठव्या वर्षी कडेचे. म्हातारपणी खळगे राहतच नाहीत.

तिघं गोठ्यात पळाली. डिंपलने जिलेबीच्या ओठांच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवला. घोडी शांतपणे तोंड उघडते ती जागा नेमकी तीच. हे तिला काकांनीच शिकवलं होतं. खाली मधले दोन दात गुळगुळीत होते. बाकीच्या चारही दातांवर काळे खळगे होते.

"म्हणजे सहा वर्सं. फार त सात," योगेंद्र म्हणाला.

मग त्याने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दोन्ही पुढच्या खुरांना तळहात लावून पाहिला. डावा खूर गार होता. उजवा तव्यासारखा गरम. खुरात खिळा चुकीचा बसला तर आत पू धरतो आणि खूर तापतो, असं पुस्तकात होतं. खिळा काढला की पाय बरा होतो, असंही होतं.

"काकांना सांगू चला," डिंपल म्हणाली. "त्यायले माहीत नसन."

अंजू पुस्तकाकडे पाहत होती. दातांच्या त्या ओळीखाली कोणीतरी रेघ ओढली होती. रेघ हिरवी होती.

डिंपलने पुस्तक उलटं केलं. आनंदाबाईंचा नियम होता, पुस्तक नेणाऱ्याने मागच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने तारीख घालून सही करायची. तिथे अंजूने घाईत केलेल्या सहीच्या वर एकाखाली एक तीन हिरव्या सह्या होत्या. तिन्ही श्यामरावांच्या.

"विसरले असतील," डिंपल हळूच म्हणाली.

"तीनदा?" योगेंद्रने विचारलं.

डिंपल गोठ्यातून निघून गेली. संध्याकाळी ती जेवली नाही.

तिसरं पुस्तक

तिसरं पुस्तक कोणी उघडलंच नाही. गुरुवारी मुलांनी बाबांना दातांचं आणि खुराचं सांगितलं. बाबा रागावले. दोन दिवस पुस्तक वाचून तुम्ही श्यामपेक्षा हुशार झालात का, त्याने चाळीस वर्षं ढोरं पाहिली आहेत, असं म्हणून ते शेतावर गेले. श्यामरावांना विचारल्याशिवाय बाबांनी आजवर कोंबडीसुद्धा विकत घेतली नव्हती. सह्यांचं सांगायला त्यांनी वेळच दिला नाही.

"मंग काकांच्याच तोंडून निघालं पायजे," योगेंद्र म्हणाला. "चार लोकांसमोर."

"मी विचारते," अंजू म्हणाली. "माह्यावर कोनी शक नाई करत. लहान हाय ना मी."

रविवारी सकाळी धनीराम टेम्पो घेऊन आला. शेजारपाजारचे लोक जिलेबीला निरोप द्यायला जमले. शेजारच्या जनाबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. योगेंद्र टेम्पोत गवत पसरायला चढला. सीटमागे एक घडी केलेला फ्लेक्स होता, आणि त्याच्या कोपऱ्यात एक कान दिसत होता. तो कान त्याच्या ओळखीचा होता.

श्यामरावकाका बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. अंजू त्यांच्यापुढे गेली आणि तिने गोड आवाजात विचारलं, की वाचनालयातलं ते निळं पुस्तक कसं आहे, पुढच्या खेपेला घ्यावं का?

"त्या पुस्तकाले मी कधी हात बी नाई लावला, बाई," काका म्हणाले. "जुनाट पुस्तक. टाकून द्यायच्या लायकीचं."

अंजूने पाठीमागे धरलेला हात पुढे आणला. पुस्तकाचं शेवटचं पान आधीच उघडलेलं होतं.

"मंग ह्या सह्या कोनाच्या व्हय, काका?"

डिंपलने दातांचं पान काढलं आणि हिरवी रेघ असलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत थांबली नाही. तेवढ्यात योगेंद्रने टेम्पोतून फ्लेक्स खाली सोडला. त्यावर सजवलेली जिलेबी होती, आणि खाली लिहिलं होतं: लग्नासाठी घोडी मिळेल, धनीराम, लाखांदूर.

"म्हाताऱ्या घोडीची वरात काढता का रे?" जनाबाईंनी धनीरामला विचारलं. धनीराम मामाकडे पाहत राहिला.

बाबांनी शर्टाच्या खिशातून एक जुनी चिठ्ठी काढली. म्हशीच्या औषधाची, हिरव्या शाईतली. ती त्यांनी सह्यांशेजारी धरली. बराच वेळ धरून ठेवली. डिंपलला वाटलं, आता ते ओरडतील.

"श्याम," ते म्हणाले, "मांगितली असती त मी देली असती न तुले."

श्यामरावांनी खिशातल्या पेनाचा दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. मग ते टेम्पोत न बसता पायीच निघून गेले. धनीरामने फ्लेक्स मागितला नाही.

दुपारी जिल्ह्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाल काढली. एक खिळा तिरपा, आतल्या जिवंत भागात गेला होता. तो निघताच काळपट पू वाहिला आणि जिलेबीने पाय जमिनीवर टेकवला. वीस वर्षांची? ही सातचीही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खूर आधी कोणी तपासला ते त्यांनी विचारलं. योगेंद्र लाजला. तू हेच शिक, असं त्यांनी त्याला सांगितलं. बाबांनी तिघांना जवळ घेतलं. रागावलो ते चुकलंच माझं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. आनंदाबाईंनी अंजूला कार्डावर चौथं पुस्तक दिलं, वाचनालयात पहिल्यांदाच.

तुळशीच्या लग्नानंतर पहिली वरात निघाली तेव्हा जिलेबी झूल घालून ठेक्यात चालली. डिंपल मागेच राहिली. वरातीच्या आधी तिने जिलेबीला गूळ दिला होता, तळहात सपाट, बोटं एकदम सरळ. हे आपल्याला कोणी शिकवलं ते आठवून तिने हात फ्रॉकला पुसला. मग थोड्या वेळाने पुन्हा पुसला.

निळ्या पुस्तकामागची श्यामरावांची पहिली सही नऊ सप्टेंबरची आहे. त्यांनी आणलेल्या नालबंदाने जिलेबीला नाल ठोकली ती सतरा सप्टेंबरला.