लोखंड बाहेर ठेवलंत?

दिवे येईपर्यंत छपाई होणार नाही, तोवर ऐका पोरांनो. ज्याच्यासमोर हे घडलं तो वेधशाळेचा ड्रायव्हर माझा शाळासोबती. थापा मारणं त्याला जमत नाही. जमलं असतं तर आपल्या पेपरातच आला असता.

टेकडीवरच्या वेधशाळेत एक शास्त्रज्ञ होते. पृथ्वीचं चुंबकत्व आणि हवेतली वीज मोजण्यात अख्खी हयात गेली. सगळे त्यांना सुईमास्तर म्हणायचे. त्यांची खोली लाकडाची, कडीकोयंडे तांब्याचे. जवळ लोखंड आलं की चुंबकाची सुई चळते. म्हणून दारात प्रत्येकाला एकच प्रश्न, "लोखंड बाहेर ठेवलंत?" वर हसून म्हणायचे, माणसाच्या रक्तातही एका बारीक खिळ्याइतकं लोखंड असतं, तेवढं माफ.

त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या साहेबानं त्यांच्या खुर्चीसाठी त्या खोलीच्या जमिनीच्या फळ्यांखाली लोखंडी पहार लपवली. वर्षभर नोंदी चुकल्या. चौकशी समितीनं बिस्किटं खाल्ली आणि त्या एका वर्षावरून म्हाताऱ्याची सगळी कारकीर्द खोटी ठरवली! मी पेपरात बोटं झिजवून लिहिलं. कोण वाचतो? मास्तर झुरून झुरून वारले.

गेल्या मार्चमधली अमावस्या. सकाळी नवी यंत्रं बसवायला बाहेरची माणसं येणार, फळ्या उचकटणार. म्हणून रात्री अकराला साहेब पहार काढायला निघाला.

"एवढ्या रात्री, साहेब?"

"तू गाडी चालव. डोकं नको."

दाराशी त्यानं सवयीनं घड्याळ, पट्टा, किल्ल्या ड्रायव्हरकडे दिल्या. आत गेला.

आभाळ स्वच्छ होतं. तरी ड्रायव्हरच्या हातावरचे केस उभे राहिले. खिडकीत साहेबाची बोटं दिसली. प्रत्येक टोकावर निळा उजेड...

मग आवाज आला. म्हातारा. शांत.

"लोखंड बाहेर ठेवलंत?"

"हो... हो सर."

"फळीखालचं?"

"...सर, चुकलो. आत्ता काढतो..."

"काढा. आणि रक्तातलं?"

...

किंकाळी नाही. पाऊल नाही. काही नाही.

"काका, मेला?"

मेला. फळी उचकटलेली, मांडीवर पहार. अंगावर ओरखडा नाही, चेहरा मात्र चुन्यासारखा पांढराफटक. डॉक्टरांनी हृदयावर ढकललं. पण पहार सगळ्यांनी पाहिली होती. समितीला आपलेच शब्द गिळावे लागले, मास्तरांच्या नोंदी पुन्हा खऱ्या ठरल्या. मी पहिल्या पानावर छापलं, साहेबाच्या नावासकट.

एकच गोष्ट छापली नाही.

ड्रायव्हर दारातून हलला नव्हता. कुणी आलं नव्हतं. तरी उंबऱ्याबाहेर, त्याच्या पायाशी, एक बारीक खिळा पडला होता.

कोरा करकरीत. ओला.

अजून कोमट...