मधलं घर

बुद्धिबळात हरलो की मी दिवसभर कुणाशी बोलत नसे. जयमालाला हे लग्नानंतर आठवड्यातच कळलं. वाशीच्या बैठ्या चाळीत आम्ही नवे होतो. डावीकडे सगुणाबाई, उजवीकडे गंगाराम, मधे आम्ही दोघं. जयमालाला सातवा महिना लागला होता आणि मी आल्याशिवाय ती जेवत नसे. म्हणून रविवारी वेळेवर परतायची मला ताकीद होती.

तोवर मी पावणे गावात, आमच्या कारखान्यातल्या कमळाकरच्या ओट्यावर. खाडीचा खारा वारा यायचा, त्यात रसायनांचा गोडसर वास. समोरच्या आळीत शेवंताबाई दारात सुकट वाळत घालायची. पट कमळाकरच्या आजोबांचा, कापडी.

त्या रविवारी मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

कमळाकरने हात आखडला. "साहेब, आमचे गावान प्यादा एकेक घर चालतं. मधला घर वलांडत नाय."

"का?"

"घर हाय ना ते. आत कोन असंल तर?"

मला हसू आलं. पुस्तकातला नियम सांगून मी त्याला गप्प केलं. त्याने आपलं प्यादं एक घर पुढे घेतलं.

मी सहज समोर पाहिलं. शेवंताबाईचं घर नव्हतं. शेजारची दोन घरं एकमेकांना टेकून उभी होती, पहिल्यापासून तशीच असल्यासारखी. सुकटीचा वास मात्र येत होता.

"शेवंताबाई कुठे गेली?"

"कोन शेवंताबाई?"

तो थट्टा करत नव्हता. मला भीती वाटली, आणि भीतीचा रागही आला. उन्हाने डोळे दिपले असतील. खात्री करून घ्यायला मी वजिरापुढचं प्यादंही दोन घरं टाकलं.

आळीतलं काहीच हललं नाही. मला हायसं वाटलं.

कमळाकर पटाकडेच बघत होता. "आता कुनाचा वलांडला?" तो हळूच म्हणाला.

डाव मीच जिंकला. खुशीत घरी आलो.

सगुणाबाईचं दार. त्याला लागून गंगारामचं दार.

"कोण पाहिजे तुमाला?" सगुणाबाईने विचारलं.

दोन दारांच्या मधे बोटभर भिंत होती. तिच्या पायाशी जयमालाची रांगोळी.

मी भिंतीला कान लावला.

आत कुणीतरी ताटं मांडत होतं. एक. मग दुसरं.